घरची शुश्रूषा आणि हक्काची मदत

प्रस्तावना

रुग्ण रुग्णालयातून घरी आला, की आप्तेष्टांना हायसे वाटते. परंतु पक्षाघात, कर्करोग, पार्किन्सन किंवा अतिवार्धक्य यांत खरी परीक्षा घरी आल्यानंतरच सुरू होते. औषधे, फिजिओथेरपी, डायपर, हवेची गादी, रात्रीच्या सोबतीला आया असा खर्च महिन्यामागून महिने चालू राहतो. तो परवडला नाही, तर घरातील कोणीतरी, बहुधा सून किंवा मुलगी, नोकरी वा शिक्षण सोडून रुग्णाच्या उशाशी बसते. तिच्या श्रमांची नोंद कोणत्याही बिलात होत नाही. पण बुडालेला रोजगार आणि सुटलेली शाळा ही त्यांची किंमतच होय. आपल्यापैकी काहींचे शिक्षणही अशाच कारणाने थांबले असेल.

या खर्चासाठी मदत कोठे मिळू शकते, हे आपण दिल्ली आणि तिच्या परिसराच्या उदाहरणावरून पाहू. दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम एकमेकांना खेटून असली, तरी ती वेगवेगळ्या सरकारांच्या कक्षेत येतात. त्यामुळे मदतीचे नियम समजून घ्यायला हे उदाहरण सोयीचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण
• घरी होणाऱ्या शुश्रूषेसाठी मदतीच्या वाटा ओळखू शकाल;
• कोणत्या मदतीसाठी कोणता पुरावा लागतो, ते सांगू शकाल;
• अर्ज केल्यानंतर पाठपुरावा कसा करावा, ते स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

१. योग्य प्रश्न कोणता?

‘घरच्या शुश्रूषेची योजना’ शोधायला निघालेल्या माणसाच्या पदरी बहुधा निराशाच येते. आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी असतो. आयुष्मान भारत योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, खुली झाली. दिल्ली २०२५ मध्ये या योजनेत सामील झाली. तिच्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात; परंतु रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतचाच धरला जातो. घरी ठेवलेल्या आयेचा पगार त्यातून मिळत नाही.

म्हणून प्रश्न बदलावा. ‘योजना कोणती?’ असे न विचारता ‘आमचा रुग्ण कशाच्या आधारे मदतीस पात्र ठरतो?’ असे विचारावे. वय, दिव्यांगत्व, आजार, केलेली नोकरी आणि नाते हे असे पाच आधार आहेत. एकाच रुग्णाला त्यांपैकी दोन-तीन लागू पडू शकतात.

२. वयाचा आधार

१५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वर्षांच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये, तर ८० वर्षांपासून ५०० रुपये ठरला. बाकीची भर राज्ये घालतात आणि येथेच पत्त्याला महत्त्व येते. दिल्लीने २०१७ मध्ये ही रक्कम ६० ते ६९ वर्षांसाठी २,००० आणि त्यापुढे २,५०० रुपये केली. उत्तर प्रदेशाने २०२१ च्या अखेरीस ती १,००० रुपये केली. हरियाणात जानेवारी २०२४ मध्ये ती ३,००० रुपये झाली. म्हणजे आजार एकच, वय एकच. परंतु घर सीमेच्या कोणत्या बाजूस आहे, यावर मदत ठरते. रकमा वेळोवेळी बदलत असल्याने अर्जापूर्वी चालू दर विचारून घ्यावा.

महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांना संजय गांधी निराधार अनुदान योजना परिचित असते. परंतु तो हक्क आपल्याबरोबर दिल्लीत येत नाही. दिल्लीच्या निवृत्तिवेतनासाठी तेथील पाच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणून स्थलांतर केलेल्या कुटुंबाने वास्तव्याची कागदपत्रे पहिल्या वर्षापासूनच जपावीत.

३. दिव्यांगत्वाचा आधार

दिव्यांगत्व म्हणजे केवळ जन्मजात किंवा अपघाताने आलेली उणीव, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत २१ प्रकार असून त्यांत पार्किन्सनसारखे मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजारही आहेत. पक्षाघातानंतर हातापायांत कायमचा अधूपणा राहिला, तर त्याचेही मूल्यमापन करून घेता येते. सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र ही या वाटेवरची किल्ली होय. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास अनेक योजनांची दारे उघडतात.

याच कायद्याच्या कलम २४ मध्ये ज्यांना इतरांच्या आधाराची मोठ्या प्रमाणावर गरज असते, अशा व्यक्तींसाठी ‘काळजीवाहक भत्त्या’चा उल्लेख आहे. शुश्रूषा करणाऱ्याच्या श्रमांना मोल असते, ही गोष्ट कायद्याने येथे मान्य केली आहे. हा भत्ता योजनेद्वारे द्यायचा असल्याने, आपल्या राज्याने तशी योजना केली आहे का, याची चौकशी जिल्हा समाजकल्याण कार्यालयात करावी.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. तिची मर्यादा १ लाख रुपये असून तिच्यात थेरपीचा आणि बाह्यरुग्ण उपचारांचाही समावेश होतो.

४. आजाराचा आधार

मदत नेहमी रोख रकमेच्या रूपानेच येते असे नाही. दिल्लीत १९९६ साली हरमाला गुप्ता यांनी ‘कॅनसपोर्ट’ ही संस्था स्थापन केली. त्या स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या होत्या. या संस्थेची डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांची पथके कर्करोगग्रस्तांच्या घरी जाऊन वेदनाशामक शुश्रूषा विनामूल्य करतात. चाकाची खुर्ची, वॉकर, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. ती अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी आहे. घरी येणारी परिचारिका किंवा मिळालेली खुर्ची ही वाचलेल्या पैशांइतकीच मोलाची असते.

५. नोकरीचा आधार

केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यास वयाच्या ८० व्या वर्षापासून मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के अतिरिक्त रक्कम मिळते. ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढून शंभराव्या वर्षी १०० टक्के होते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेलाही हा हक्क आहे. मात्र तिची जन्मतारीख कागदोपत्री नोंदलेली नसेल, तर वाढ अडकते. तेव्हा ही नोंद वेळीच तपासावी.

६. नात्याचा आधार

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण आणि कल्याण अधिनियम, २००७ यानुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-वडील सज्ञान मुलामुलींकडून निर्वाहखर्च मागू शकतात. त्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. घराच्या गोष्टी दाराबाहेर नेणे अनेकांना जड जाते. परंतु चार भावंडांपैकी एकाच्याच खांद्यावर सारा भार पडत असेल, तर तो वाटून घेण्याचा हा न्याय्य मार्ग आहे.

७. अर्जानंतर

ओळखपत्र, वास्तव्याचा पुरावा, वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि बँकेचे पासबुक यांच्या प्रती एकाच पिशवीत ठेवाव्यात. अर्जाची पोच व क्रमांक घ्यावा. अर्ज नाकारल्यास कारण लेखी मागावे. उत्तर मिळत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करता येतो. त्याला साधारणतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. महिला आणि दिव्यांग व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

मदत मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. या योजना लोकांच्या करातून आणि लोकांच्या कायद्यातून उभ्या राहिल्या आहेत. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या व्यक्तीची नोकरी आणि शिक्षण टिकावे, यासाठी त्यांचा उपयोग करून घेणे हेही शुश्रूषेचेच एक अंग आहे.

शब्दार्थ

शुश्रूषा – रुग्णाची सेवा, देखभाल
अधिनियम – कायदा
न्यायाधिकरण – विशिष्ट विषयाचे वाद सोडवणारी यंत्रणा
पोच – अर्ज मिळाल्याची पावती

आपण काय शिकलात?

• घरच्या शुश्रूषेसाठी मदत एका ठिकाणी नसते. ती पाच आधारांवर शोधावी लागते.
• मदतीची रक्कम राहत्या राज्यानुसार बदलते.
• योग्य प्रमाणपत्र आणि चिकाटीचा पाठपुरावा यांवाचून हक्क पदरात पडत नाही.

स्वाध्याय

१. ‘पत्त्याला महत्त्व येते’ असे पाठात का म्हटले आहे?
२. कलम २४ मधील काळजीवाहक भत्त्याच्या उल्लेखाचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा.
३. समजा, नोएडात राहणाऱ्या ७२ वर्षांच्या आजींना पार्किन्सनचा आजार आहे. त्यांना कोणकोणत्या आधारांवर मदत मागता येईल?
४. तुमच्या जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांना दिव्यांग निवृत्तिवेतनाची माहिती विचारणारे पत्र लिहा.