माळकरी घरातले ताट



पाड्यावर काही कुटुंबे माळ घालतात, कोणी योगसाधना धरतात, आणि मांसाहार सोडतात. रोमकरांस पत्र, अध्याय 14 मध्ये पौल अन्नावरून एकमेकांना दोष लावू देत नाही, म्हणून मी तिथे वाद घालत नाही. ताट मात्र पाहतो. सुकट, अंडी जातात. त्या जागी काहीच येत नाही. गरोदर मातेला ते बाधते.

मी सांगतो: नाचणीच्या भाकरीबरोबर कुळीथ किंवा उडीद रोज हवा. पालेभाजीवर लिंबू पिळले की लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा नको. बी-12 वनस्पतींतून मिळत नाही; त्यासाठी दूध, दही, किंवा डॉक्टरांना विचारून गोळी.

भेटीला जाताना बिस्किटांऐवजी किलोभर कुळीथ न्यावेत, ही विनंती.