ललिताजींचा हिशेब आणि शून्य टक्के व्याज

जाहिरातशास्त्राच्या वर्गात भारतीय उदाहरण द्यावयाचे झाले, की ललिताजींचे नाव हमखास निघते. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर सर्फची बाजू ठामपणे मांडणारी ही गृहिणी अनेक वाचकांना आठवत असेल. कविता चौधरी यांनी साकारलेल्या या व्यक्तिरेखेचे जनक म्हणजे लिंटास या जाहिरातसंस्थेचे तत्कालीन प्रमुख अ‍ॅलेक पदमसी (१९२८–२०१८). पैशांना ददात नसतानाही भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या आपल्या आईवरून ती सुचली, असे ते सांगत.

तिच्या जन्माचे कारण शुद्ध व्यापारी होते. करसनभाई पटेल यांनी १९६९ साली अहमदाबादेत घरच्या घरी तयार करून सायकलवरून विकावयास आरंभ केलेली निरमा पावडर सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होती. मध्यमवर्गीय घरे तिच्याकडे वळू लागली, तेव्हा महाग वस्तूचे समर्थन करावयाचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. पदमसी यांनी उत्तर दिले ते अंकगणिताचे. स्वस्त पावडर एक किलो लागते तेथे सर्फ अर्धा किलो पुरते. मग खरे स्वस्त कोणते?

हा दावा कितपत खरा, याचा निर्णय प्रत्येक घराच्या न्हाणीघरात होऊ शकत होता. तो झालाही. पुष्कळांना ललिताजी पटल्या, पुष्कळांनी निरमाच पसंत केली. आणि अखेर त्या वेळच्या हिंदुस्थान लिव्हरला ‘व्हील’ ही स्वस्त पावडर स्वतःच बाजारात आणावी लागली. विपणन हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्याविषयी आपण सहसा संशयाने बोलतो. परंतु ग्राहकाला हिशेब येतो, हे गृहीत धरणारी ही जाहिरात मला प्रामाणिक वाटते.

आता हप्त्यांच्या जाहिरातीकडे वळू. येथेही विषय पैशांचाच असतो. मात्र हिशेब ग्राहकाच्या हाती दिला जात नाही, त्याचे केवळ उत्तर छापलेले असते, आणि तेही शून्य!

आमच्या शाखेतील एक शिपाई गेल्या उन्हाळ्यात असेच एक पत्रक घेऊन माझ्या टेबलापाशी आले. पत्नीला इन्सुलिन सुरू झालेले, घरात फ्रीज नाही आणि दुकानदाराने ‘शून्य टक्के व्याज’ सांगितलेले. “साहेब, चोवीस हजारांचे चोवीस हजारच द्यायचे. दोन-दोन हजारांचे बारा हप्ते. यात फसण्यासारखे काय आहे?”

मी त्यांना दोन प्रश्न दुकानात विचारून यावयास सांगितले. रोख दिल्यास किंमत किती? आणि आरंभी काही शुल्क आहे काय? रोखीवर २,००० रुपयांची सूट होती. हप्त्यांवर ती नव्हती, उलट ५०० रुपये प्रक्रिया शुल्क होते.

म्हणजे वस्तूची खरी किंमत २२,००० रुपये. आरंभीचे ५०० रुपये वजा जाता प्रत्यक्ष कर्ज २१,५०० रुपयांचे आणि परतफेड २४,०००ची. जास्तीचे २,५०० रुपये म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, असे अनेकजण म्हणतील. वाणिज्य शाखेचे पदवीधरदेखील येथे चुकतात. मुद्दल दर महिन्याला घटत जाते. वर्षभराची सरासरी धरल्यास जेमतेम निम्मीच रक्कम आपल्याकडे असते. त्यामुळे वार्षिक दर निघतो जवळजवळ २१ टक्के.

रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३च्या परिपत्रकात, शून्य टक्के व्याज अशी संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे बँकांना स्पष्ट बजावले होते. तरीही ‘विनाखर्च हप्ते’ अशा नव्या नावाने ती कल्पना वावरतेच. कधीकधी विक्रेता किंवा उत्पादक व्याजाचा भार खरोखर उचलतो, हेही नमूद केले पाहिजे. रोखीची किंमत विचारल्याखेरीज ते कळत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जांसोबत महत्त्वाच्या तथ्यांचे विवरणपत्र ग्राहकाला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. स्वाक्षरीपूर्वी तो आकडा अवश्य पाहावा. क्रेडिट कार्डावरील येणी मात्र या नियमातून वगळलेली आहेत. तेथे हिशेब स्वतःच मांडावा लागतो.

आम्ही बँकवालेही जाहिराती करतो, आणि आमच्या पत्रकांवरील तारांकित अक्षरे काही फार मोठी नसतात. हाच हिशेब आमच्याही पत्रकाला लावावा.

शिपाईमामांपुढे फ्रीज नको म्हणण्याचा पर्याय नव्हता. औषध उन्हाळ्यात बाहेर ठेवता येत नव्हते. कर्मचारी पतसंस्थेकडून त्यांना घटत्या शिलकेवर ११ टक्क्यांनी २२,००० रुपये मिळाले. मासिक हप्ता १,९४४ रुपये, एकूण परतफेड सुमारे २३,३३३. दुकानाच्या योजनेहून साधारण १,१६७ रुपयांनी कमी. रोख रक्कम मोजून फ्रीज घेतल्यावर त्यांनी दुकानदाराकडून स्टॅबिलायझरवरही दोनशे रुपये कमी करून घेतले. तो सल्ला माझा नव्हता. ती घासाघीस त्यांच्या पत्नीने केली होती.