चेस्टच्या दोन किल्ल्या

मी ३१ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बहुतेक कॅशमध्ये. रिझर्व्ह बँक मला कळली ती तिथेच.

१. तिजोरीतली कॅश आपली नसते.
आमच्या शाखेत करन्सी चेस्ट होती. दोन किल्ल्या, दोघांच्या ताब्यात. दोघंही हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. पहिल्याच दिवशी हेड कॅशिअर म्हणाले, "आतला पैसा रिझर्व्ह बँकेचा. आपण राखणदार." संध्याकाळी चेस्टचा हिशेब जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे.

२. खराब नोट फेकू नका.
एक आजी पत्र्याच्या डब्यातून वाळवी लागलेल्या पाचशेच्या ५ नोटा घेऊन आल्या. कापऱ्या हातांनी त्यांनी एकेक नोट काउंटरवर सरळ केली. आम्ही पट्टी लावून मोजलं. ३ नोटांची पूर्ण किंमत मिळाली, दोन नोटांची निम्मी. हाती आले २००० रुपये. आजचा नियम असा, की ५० किंवा त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. नोटेवर गव्हर्नरांनी दिलेलं वचन मी असं पाळलं जाताना पाहिलं आहे.

३. व्याजदर एकटा माणूस ठरवत नाही.
तो ठरवणाऱ्या समितीत ६ जण असतात : तिघं रिझर्व्ह बँकेचे, तिघं केंद्र सरकारनं नेमलेले. मतं समसमान पडली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची, फार तर २ टक्के इकडेतिकडे. हा दर, म्हणजे रेपो, वाढला की माझ्या मुलाच्या घरकर्जाचा हप्ताही वाढतो. तरी मी समितीच्याच बाजूचा. महागाई पेन्शनवर जगणाऱ्याला आधी गाठते.

४. रिझर्व्ह बँक आधी भागधारकांची होती.
सुरुवात १९३५ ची, सरकारी झाली १ जानेवारी १९४९ ला. पहिले भारतीय गव्हर्नर आपल्या रायगडचे चिंतामणराव देशमुख.

५. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे.
हे मला फार उशिरा सांगावंसं वाटलं. दीड टक्का जादा व्याजासाठी ताईनं एका पतसंस्थेत ठेव ठेवली. शटर बंद झालं तेव्हा ती पासबुक घेऊन माझ्याकडे आली, "तुझ्या रिझर्व्ह बँकेला सांग ना." सांगणार काय? बहुतेक पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पैसे भरण्याआधी काउंटरवर एवढंच विचारा : इथे ठेवीला विमा आहे का?