‘एनॅक्ट’ ह्या क्रियापदाचा कर्ता

इंग्रजींत ‘एनॅक्ट’ ह्या क्रियापदाचे मुख्य अर्थ दोन: एखादा प्रसंग रंगभूमीवर करून दाखविणें, व विधेयकास कायद्याचें रूप देणें. ‘मेक’ ह्या क्रियापदास कोणताही कर्ता चालतो. दुसऱ्या अर्थीं ‘एनॅक्ट’ला मात्र कायदा करण्याचा अधिकार असलेलाच कर्ता लागतो. १९३५ च्या हिंदुस्थान सरकार कायद्यांत हा कर्ता इंग्लंडचा राजा होता, पार्लमेंटच्या संमतीनें. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं संविधानसभेनें स्वीकारलेल्या संविधानाच्या उद्देशिकेंत तेंच क्रियापद आहे; परंतु कर्ता आहे भारताचे लोक. मराठी पाठांत त्यासाठीं ‘अधिनियमित करणें’ असा शब्द योजिला आहे. पनवेल असो वा पुणें, शाळेंत उद्देशिका म्हणतांना ह्या कठीण क्रियापदाबरोबर त्याच्या कर्त्याकडेही लक्ष द्यावें. तो कर्ता आपणच आहों.