फ्रेंच भाषेची उपासिका

इ. स. १८७६ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनमधील एका साप्ताहिकाच्या कचेरीत हिंदुस्थानातून टपालाने एक मळकट पुडके आले. आत कलकत्त्याजवळील भवानीपूर येथे छापलेले एक पुस्तक होते. त्याला ना प्रस्तावना, ना कोणा थोरामोठ्याची शिफारस. संपादकांनी ते एडमंड गॉस या तरुण टीकाकाराच्या हाती दिले. गॉसने ते नाखुशीनेच उघडले. परंतु थोडे वाचताच तो थक्क झाला. फ्रेंच कवींच्या दीडशेहून अधिक कवितांची ती इंग्रजी रूपांतरे होती. त्यांपैकी आठ आरू दत्त हिची होती; बाकी सारी तिची धाकटी बहीण तोरू हिने केली होती. तोरूचे वय तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते.

तोरूचा जन्म ४ मार्च १८५६ रोजी कलकत्त्यास झाला. १८६९ मध्ये तिचे वडील गोविनचंद्र दत्त पत्नी व दोन्ही मुलींसह यूरोपला गेले. ज्या काळी मुलीने उंबरठ्याबाहेर शिकावयास जाणेही विरळा, त्या काळची ही गोष्ट! फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस येथे दोघी बहिणी काही महिने शाळेत गेल्या. तोरूच्या आयुष्यातील पहिली आणि शेवटची शाळा तीच. फ्रेंच भाषेबरोबर फ्रान्स देशही तिच्या मनात कायमचा वसला. पुढे प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला, तेव्हा लंडनमध्ये असलेल्या या बंगाली मुलीने आपल्या रोजनिशीत त्याबद्दल शोक केला आहे.

१८७१ पासून केंब्रिज येथे स्त्रियांसाठी चालणाऱ्या उच्च व्याख्यानांना दोघी बहिणी जाऊ लागल्या. तेथे त्यांनी फ्रेंचचा अभ्यास नेटाने चालविला. पदवीचा प्रश्नच नव्हता. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास प्रारंभ केला तो १९४८ मध्ये.

१८७३ मध्ये हे कुटुंब स्वदेशी परतले. पुढल्याच वर्षी आरू क्षयाने वारली. तोरूने अभ्यास सोडला नाही. उलट वडिलांबरोबर ती संस्कृतही शिकू लागली. एखाद्या अवघड शब्दाच्या अर्थावरून बापलेकीत वाद होई, रुपयाची पैज लागे आणि कोश उघडले की बहुधा तोरूच जिंके! प्राचीन भारतातील स्त्रियांवर क्लारिस बादेर या फ्रेंच विदुषीने ग्रंथ लिहिला होता. त्याचे भाषांतर करण्याची परवानगी तोरूने पत्राने मागितली आणि बादेरने ती आनंदाने दिली. तो संकल्प मात्र राहूनच गेला. ३० ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तोरूही क्षयाला बळी पडली.

तिच्या मृत्यूनंतर तिचे कागद चाळताना वडिलांना एका संपूर्ण कादंबरीचे हस्तलिखित सापडले. ती तिने थेट फ्रेंचमध्येच लिहिली होती. तिच्यासाठी चित्रे आरूने काढावयाची, असे दोघी बहिणींनी ठरविले होते. जिची तोरूशी कधी प्रत्यक्ष भेट झाली नाही, त्या क्लारिस बादेरनेच तिला प्रस्तावना लिहिली आणि १८७९ मध्ये ती कादंबरी पॅरिस येथे प्रसिद्ध झाली.