दीक्षाभूमीच्या वाटेवरचे नागपूर : पायी चालून शिकण्याचा धडा

दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो धम्मबांधव नागपुरात येतात. रेल्वे स्टेशनवर किंवा बसस्थानकावर उतरतात, दीक्षाभूमीवर जातात, स्तूपाला वंदन करतात, पुस्तके विकत घेतात आणि रात्रीच्या गाडीने परत फिरतात. बाहेरगावच्या माणसाजवळ वेळ थोडा असतो, हे समजण्यासारखे आहे. पण नागपुरात जन्मलेल्या आपल्या मुलामुलींनाही दीक्षाभूमीपलीकडचे नागपूर ठाऊक नसते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. त्यामुळे १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस एकाएकी आकाशातून उतरला, अशी समजूत नव्या पिढीत रुजू लागली आहे. वास्तविक त्या दिवसामागे निदान पन्नास वर्षांची तयारी होती. ती तयारी या शहराच्या वस्त्यांत, गिरण्यांच्या फाटकांवर, छोट्या शाळांत आणि छापखान्यांत झाली. ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ती कशी पाहावीत व त्यांतून काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पायीच का ?

तथागतांनी पंचेचाळीस वर्षे चारिका केली. गावोगाव चालत जाऊन, भेटेल त्या माणसाशी बोलून त्यांनी धम्म सांगितला. चालणाऱ्या माणसाला थांबता येते, विचारता येते आणि ऐकता येते. स्कूटरवरून जाताना आपल्याला फक्त सिग्नल दिसतो. चालताना मोहल्ल्याचे जुने नाव, विहाराच्या भिंतीवरील देणगीदारांची पाटी आणि ओट्यावर बसलेली आजी दिसते. आम्ही काही सभासद व विद्यार्थी गेली काही वर्षे हिवाळ्यातल्या रविवारी अशा फेऱ्या काढतो. त्यांतील तीन फेऱ्या येथे देत आहोत.

पहिली फेरी : संविधान चौक ते दीक्षाभूमी

सुरुवात रिझर्व्ह बँकेसमोरच्या संविधान चौकातून करावी. बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयाकडे निघावे. १८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाला जुने नागपूरकर अजब बंगला म्हणतात. सोमवारी ते बंद असते, हे लक्षात ठेवावे. बहुतेक लोक येथे भुसा भरलेले वाघ-सिंह पाहून बाहेर पडतात. विद्यार्थ्यांनी मात्र देवटेकच्या शिलालेखाची चौकशी करावी.

देवटेक हे चंद्रपूर जिल्ह्यातील लहान गाव. तेथे सापडलेल्या या शिळेवर दोन लेख आहेत. जुना लेख अशोककालीन वळणाच्या ब्राह्मी लिपीत असून त्यात प्राण्यांना पकडू नये, मारू नये अशी आज्ञा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा लेख सम्राट अशोकाच्या धर्ममहामात्राचा असावा, असे मत मांडले. दुसरा लेख त्यानंतर काही शतकांनी वाकाटक राजा रुद्रसेन पहिला याच्या काळात कोरला गेला आणि त्यासाठी जुन्या लेखाचा काही भाग छिलून काढण्यात आला. आपल्या भूमीवर धम्माची आज्ञा कोरलेली होती आणि तीवर नंतर दुसरी अक्षरे चढली, या दोन्ही गोष्टी एकाच दगडावर वाचायला मिळतात. हा दगड मनात ठेवूनच पुढची फेरी करावी.

तेथून शून्य मैलाच्या स्तंभावरून सीताबर्डीकडे यावे. बर्डीच्या टेकडीवर १८१७ साली भोसले व इंग्रज यांची लढाई झाली, हे शाळेच्या पुस्तकात असते. पण याच बर्डीत आपल्या इतिहासाच्या दोन खुणा आहेत. पहिली म्हणजे श्याम हॉटेल. धर्मांतरासाठी ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब माईसाहेबांसह नागपुरात आले, तेव्हा त्यांचा मुक्काम येथे होता. दीक्षेच्या आदल्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, पत्रकारांच्या प्रश्नांना त्यांनी येथेच उत्तरे दिली. बाजारातल्या गर्दीत उभे राहून मुलांना एवढेच सांगावे की, देशाच्या इतिहासाला वळण देणारा माणूस त्या तीन रात्री या रस्त्यावर राहिला.

दुसरी खूण म्हणजे आनंदनगर. पूर्वी या वस्तीचे नाव महारपुरा होते. वसंत मून १९३२ साली जन्मले आणि या वस्तीत लहानाचे मोठे झाले. दारिद्र्य, आखाडे, भजनी मंडळे, समता सैनिक दल आणि वस्तीतल्या माणसांची आंबेडकरी चळवळीवरील निष्ठा हे सारे त्यांनी ‘वस्ती’ या १९९५ सालच्या आत्मकथनात लिहून ठेवले. पुढे महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध करण्यास १९७९ पासून सुरुवात केली, तेव्हा संपादनाचा भार मूनसाहेबांनी वाहिला. बाबासाहेबांचे कितीतरी लिखाण आज जगापुढे आहे, त्यात या वस्तीच्या एका मुलाच्या चिकाटीचा मोठा वाटा आहे. वस्तीचे नाव बदलले, त्याबरोबर माणसांची स्वतःविषयीची कल्पनाही बदलली. महारपुऱ्याचे आनंदनगर होणे हा दीक्षेचाच एक भाग होता.

बर्डीहून दीक्षाभूमीकडे जाताना पंचशील चौकाजवळ नाग नदी ओलांडावी लागते. अंबाझरी तलावातून निघणाऱ्या या नदीला आज लोक नाला म्हणून ओळखतात. सप्टेंबर २०२३ च्या पुरात मात्र तिने आपण नदी असल्याची आठवण साऱ्या शहराला करून दिली. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात नागपूरची निवड का केली हे सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांचा आणि या नदीचा उल्लेख केला होता. बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. पुलावर दोन मिनिटे थांबून ही गोष्ट मुलांना सांगितली, तर ती कायमची लक्षात राहते.

पुढे दीक्षाभूमी. १९५६ साली हे व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे मोकळे मैदान होते. येथे कुशीनाराचे भदंत चंद्रमणी महास्थवीर यांनी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले आणि त्यानंतर बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना धम्मदीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. या सोहळ्याची व्यवस्था भारतीय बौद्ध जन समितीचे वामनराव गोडबोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिली. आजच्या भव्य स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. स्तूप पाहून झाल्यावर बोधिवृक्षाखाली बसावे. श्रीलंकेतील अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची रोपे भदंत आनंद कौसल्यायन यांनी येथे आणून लावली. ही फेरी सहा किलोमीटरच्या आसपास होते.

दुसरी फेरी : महाल ते इंदोरा

दुसऱ्या रविवारी गांधी गेटपासून निघावे. गोंड राजांच्या काळातील हा जुम्मा दरवाजा. भोसल्यांचे वाडे, गल्ल्या व जुन्या टाऊन हॉलचा परिसर पाहावा. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या नगरसंस्थेने बाबासाहेबांना मानपत्र दिले होते. ज्या शहरात आपल्या आजोबा-पणजोबांना अनेक विहिरींवर पाणी मिळत नव्हते, त्या शहराने केलेला हा सत्कार होता.

तेथून गांधीसागर तलावाच्या काठाने एम्प्रेस मिलच्या जागेकडे यावे. जमशेटजी टाटा यांची ही कापडगिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि २००२ साली कायमची बंद पडली. आज तेथे मोठी व्यापारी संकुले उभी आहेत. विदर्भातील आपल्या समाजात हातमागावर विणण्याचे कसब पूर्वीपासून होते. गिरण्या आल्यावर आपली माणसे मोठ्या संख्येने त्यांत मजुरीला लागली. गिरणीच्या पगारातून रोख पैसा हातात आला, त्यातून वर्गणी निघाली, वर्गणीतून शाळा, वाचनालये व परिषदा उभ्या राहिल्या. चळवळीचा हा आर्थिक पाया भाषणांत फारसा येत नाही, म्हणून तो येथे आवर्जून सांगावा.

किसन फागूजी बनसोडे (१८७९ ते १९४६) यांचे नाव या संदर्भात घ्यायलाच हवे. नागपूरजवळच्या मोहपा येथील या माणसाने १९०१ मध्ये सन्मार्ग बोधक निराश्रित समाज स्थापन केला, १९०७ मध्ये नागपुरात मुलींसाठी शाळा काढली, स्वतःचा छापखाना घातला आणि ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी पत्रे चालविली. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ १९२० साली निघाले, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. त्याच १९२० साली मे महिन्याच्या अखेरीस राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात बहिष्कृत वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली आणि तरुण बाबासाहेब तिला हजर होते.

कॉटन मार्केटमार्गे रेल्वे स्टेशनवर यावे. १९२५ साली सुरू झालेल्या या दगडी इमारतीसमोर जाईबाई चौधरी यांची आठवण करावी. नागपूर-कामठी भागात डोक्यावर ओझी वाहून त्या पोट भरत. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या व शिक्षिका झाल्या. त्या अस्पृश्य आहेत हे कळताच पालकांनी विरोध केला आणि नोकरी गेली. जाईबाईंनी १९२२ साली संत चोखामेळा कन्याशाळा काढली. १९३७ च्या अखेरीस नागपुरात भरलेल्या महिला परिषदेत त्यांना जेवणासाठी वेगळे बसविण्यात आले. आपल्या भगिनींनी त्याचा जाहीर निषेध केला. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, २० जुलै १९४२ रोजी, याच शहरात मोहन पार्कवर सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली आणि हजारो स्त्रिया तिला आल्या. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हा विचार बाबासाहेबांनी त्याच परिषदेत मांडला. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्मही त्याच आठवड्यातला व नागपूरचाच.

स्टेशनवरून गड्डीगोदाम, कडबी चौक करीत कामठी रस्त्याने इंदोऱ्यात पोहोचावे. वाटेवरच्या बेझनबागेचे नाव एम्प्रेस मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यावरून पडले आहे. गिरणी गेली, नाव मात्र राहिले. इंदोरा बुद्ध विहार हा जपानहून आलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या कार्यामुळे सर्वदूर परिचित आहे. शेवट दहा नंबर पुलाजवळच्या नामांतर शहीद स्मारकाशी करावा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून झालेल्या लढ्यात नागपूरच्या तरुणांनी प्राण दिले. १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे लागली. येथे कोणी भाषण करू नये, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे.

तिसरी फेरी : कामठी

कामठी नागपूरहून पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा तेथवर बसने जावे आणि गावात पायी फिरावे. ‘जयभीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून ओळखले जाणारे बाबू हरदास एल. एन. (१९०४ ते १९३९) कामठीचे. १९३७ मध्ये ते मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि अवघ्या पस्तिशीत गेले. कन्हान नदीकाठी त्यांची समाधी आहे. दिवसातून दहा वेळा आपल्या तोंडी येणारा शब्द जेथून निघाला, ते ठिकाण एकदा तरी पाहिले पाहिजे.

नोंदीचे महत्त्व

आमचे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले. तेथील पहिला नियम असा की, ज्याची नोंद नाही ते झालेच नाही असे समजले जाते. समाजाच्या इतिहासालाही हाच नियम लागू पडतो. १९५६ साली वीस वर्षांचे असलेले धम्मबांधव आज नव्वदीत आहेत. २०२१ साली अंबाझरीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडले गेले, तेव्हा महिला पुढे आल्या व दीर्घ आंदोलन झाले. पण ज्या जागांविषयी कोणाला काही ठाऊकच नाही, त्या पाडल्या गेल्या तर आंदोलन तरी कोण करणार ? देवटेकच्या दगडावर जे घडले, ते वस्तीतही घडू शकते.

याबाबतीत ब्रह्मदेशाकडून, म्हणजे आजच्या म्यानमारकडून, शिकण्यासारखे आहे. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे त्याच देशातील आराकानचे. त्या रंगून (यांगोन) शहरात २०१२ साली वारसा जपणारी एक संस्था निघाली. तिने जुन्या वास्तूंवर माहितीचे निळे फलक लावले आणि लोकांना गल्लीबोळांतून पायी फिरवून शहराचा इतिहास सांगितला. फलक लावायला फार मोठा निधी लागत नाही. आधी माहिती गोळा झालेली असावी लागते, आणि ती गोळा करायला पाय पुरेसे आहेत.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. आपल्या वस्तीचे जुने नाव कोणते होते, ते कधी व कोणी बदलले, हे शोधून लिहावे.

२. वस्तीतील विहार कोणाच्या वर्गणीतून व श्रमदानातून उभा राहिला, त्यांची नावे पाटीवरून उतरवून घ्यावीत. पाटी पुसट झाली असेल तर ज्येष्ठांना विचारावे.

३. ऐंशी वर्षांवरील एका तरी आजी-आजोबांना भेटावे. जाताच ‘जयभीम’ म्हणून परवानगी मागावी, घाई करू नये. प्रारंभी ते म्हणतात, आमच्याजवळ सांगण्यासारखे काय आहे. अर्धा तास बसल्यावर पांढऱ्या लुगड्याची, बैलबंडीची, दशम्या बांधून केलेल्या प्रवासाची हकीकत आपोआप निघते. ती त्यांच्याच शब्दांत लिहावी आणि तारीख टाकावी.

४. घरातील जुने फोटो, पत्रिका, वर्गणीच्या पावत्या फेकू नयेत. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत.

फेरीसाठी ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. सकाळी सातला निघावे, पाण्याची बाटली, वही व पेन सोबत असावे. लहान मुलांना व ज्येष्ठांना झेपेल तेवढेच चालावे. येत्या हिवाळ्यात प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील एका तरी मुलाला किंवा मुलीला घेऊन यातील एक फेरी करावी आणि तिची दोन पाने लिहून संस्थेकडे द्यावीत. अशी शंभर पाने जमली, तर पुढच्या स्मरणिकेत आपल्या वस्त्यांचा इतिहास आपल्याच मुलांच्या हस्ताक्षरातून छापता येईल.

जयभीम ! नमो बुद्धाय !