'राजी' : एका संगणकीय खेळाचे गुणदोष

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने तयार केलेला 'राजी' हा अद्भुतरम्य खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. असुरांनी पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाचा शोध घेणारी राजी ही त्याची नायिका होय. दुर्गा व विष्णू यांच्या संवादांतून कथा उलगडते. दृश्यांवर पहाडी चित्रकलेची आणि राजस्थानी वास्तुशिल्पाची छाप आहे. हे त्याचे गुण. परंतु मार्ग आधीच आखलेला, आणि शेवट अपुरा. पेडण्याच्या दशावतारात नट रंगमंचावर आयत्या वेळी संवाद रचतो. येथे खेळणाऱ्याच्या हाती शस्त्र असते, शब्द मात्र नसतो. म्हणून हा खेळ अवश्य खेळा. पण गावच्या दशावताराची रात्र चुकवू नका.